गावातला चित्रकार कादंबरीत नेमका कुठं अडतो?

येरळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस घोळतंय मनात, आज लिहूनच टाकते.

गेली चार वर्षं मी एक छोटी कादंबरी लिहितेय. नायिका पंधरा-सोळा वर्षांची, तासगाव-विटा रस्त्यावरच्या एका गावातली. काळ साधारण १९९४ चा. वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला, आई द्राक्षबागेत विरळणीला जाते. मुलगी चित्रं काढते आणि खरंच चांगली काढते. कादंबरीच्या शेवटी ती चित्रकार झालेली नसते.

पहिल्या खर्ड्यात मी हाताशी होती ती कारणं वापरली. बाप चित्रं चुलीत घालतो, घरात पैसा नाही, सतराव्या वर्षी लग्न उरकतात. सांगलीतल्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं. ती भरपूर वाचते आणि तोंडदेखलं बोलत नाही. तिनं वही परत देताना एवढंच सांगितलं, "तुझी पोरगी बापामुळं अडलीय, गावामुळं नाही. बाप चांगला असता तर तुझ्या कादंबरीत काय उरलं असतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. बरोबर होतं तिचं.

मग मी बापच बदलला. आता तो शेडचा माल घेऊन सांगलीला गेला की येताना कागदाची गुंडाळी आणतो. पोरीला चित्राला पाट हवा म्हणून बेदाण्याच्या खोक्याची फळी तासून देतो. लग्नाची घाई नाही. रंगांपुरते पैसे आहेत. तरीही ती अडते हे मला आतून पक्कं माहीत आहे, कारण अशा मुली मी पाहिल्यात. पण कशानं अडते ते पानावर येत नाही. सातव्या प्रकरणात ती थांबते आणि तिच्याबरोबर मीही.

एकच गोष्ट हाती लागलीय, ती सांगते. माझी नायिका चित्रकला शिकलीय ती कॅलेंडरांवरून. वाण्याच्या दुकानातली, खताच्या दुकानातली, सोसायटीच्या भिंतीवरची लक्ष्मी-सरस्वती. छापील चित्राला जाडी नसते. सगळं गुळगुळीत, रंग कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते दिसत नाही. त्यामुळं तिची समजूत अशी झालीय की चांगलं चित्र म्हणजे गुळगुळीत चित्र. ती पोस्टर कलर लावते आणि ओला ब्रश फिरवत बसते, फिरवत बसते, शेवटी कागदाचे पापुद्रे निघतात. तिला वाटतं आपला हात कच्चा आहे. तिच्या हातात काही खोट नाही. तिनं अस्सल चित्र कधी पाहिलेलंच नाही, आणि पाहिलेलं नाही हेही तिला माहीत नाही.

हे लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की इथं गाव आडवं आलं, बाप नव्हे. अशा आणखी जागा कुठल्या असतील? कथा-कादंबऱ्यांत वाचलेलं, स्वतःचं, शेजारपाजारचं, काहीही चालेल. फक्त बारकाव्यानं सांगा. "संधी नसतात" एवढ्यानं माझं प्रकरण पुढं सरकणार नाही.

---

माणगंगा

विषय चांगला काढलाय, पण मुळातलं गृहीतक पटलं नाही.

गदिमा शेटफळ्याचे. व्यंकटेश माडगूळकर माडगूळ्याचे. शंकरराव खरात आटपाडीचे. तिघंही एकाच आटपाडी तालुक्यातले. पाऊस नाही, धड रस्ता नाही, कुसळं आणि मेंढरं एवढीच दौलत. खाली पलूसकडं या, बालगंधर्वांचा जन्म नागठाण्याचा. गाव कलावंताला अडवतं म्हणता, मग हे सगळे उगवले कुठून?

गाव एकटं असतं ही शहरातल्या माणसाची नजर आहे. आमच्याकडं जत्रेत धनगरांचं गजी नृत्य रात्रभर चालतं. पहाटे जात्यावर ओव्या ऐकत मी वाढलोय. पारावर एकेक म्हातारा असा गोष्ट सांगायचा की लघवीला उठायचं भान राहायचं नाही. तुमच्या मुलीला एकटं दाखवाल तर ते आमच्या भागावर अन्याय करणारं होईल, असं माझं स्पष्ट मत.

---

येरळाकाठ

माणगंगा, रागावू नका. तुमचं अर्धं मला मान्य आहे आणि अर्धं नाही.

तुम्ही घेतलेली नावं उगवली इथंच, पण इथंच थांबून वाढली का? गदिमा शिकायला औंधला गेले आणि पुढं कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' १९४९ ची, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्या पुस्तकातली माणसं गावातली, पण ते छापून आलं तोवर लेखकानं गाव सोडलेलं होतं. माणूस गावातून रसद घेऊन निघतो हे खरंच आहे. माझी मुलगी निघतच नाही, आणि तिचं काय होतं हे मला लिहायचंय.

दुसरं म्हणजे तुमची सगळी उदाहरणं कानाची आहेत बघा. ओवी, गजीचा ढोल, पारावरची गोष्ट, कीर्तन. शब्दाचा आणि सुराचा कलावंत गावात जन्मला तर त्याचा कान आधीच भरलेला असतो. त्याला गाव पोसतं. चित्रं काढणाऱ्या पोरीचा डोळा मात्र उपाशी राहतो.

---

माणगंगा

डोळा उपाशी? रांगोळी नाही का? गोंदण? आमच्या कुंभाराच्या हातचा माठ बघा एकदा, त्याच्या पोटाची गोलाई. धनगराच्या घोंगड्याची काळी-पांढरी कड बघा. डोळ्याला हे कमी आहे का?

---

येरळाकाठ

हे वाचून मी तासभर नुसती बसून होते. खरंय. माझ्या नायिकेच्या आजीच्या हातावर गोंदण आहे, ते मी दुसऱ्याच प्रकरणात लिहिलंय आणि विसरूनही गेले. पोरगी रोज तो हात बघते. पण हे चित्र आहे, यातून शिकायचं असतं, असं तिला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या लेखी चित्र म्हणजे कॅलेंडरावरची लक्ष्मी. म्हणजे जवळ होतं ते ओळखता आलं नाही, आणि लांबचं आलं ते पुसट होऊन आलं. धन्यवाद, माणगंगा. हे कादंबरीत येणार.

---

अजिंक्यतारा_पायथा

मी साताऱ्याची. लग्नाआधी कथा लिहायचे, आता नाही. तुम्ही बारकावा मागितलात, म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते.

मला कुणी कधी अडवलं नाही. उलट कौतुक फार झालं. कॉलेजच्या अंकात पहिली कथा आली तेव्हा पेठेतल्या लोकांनी घरी येऊन पेढे दिले. एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुसरी कथा, छान. तिसरी, फारच छान. पाचवी कथा वाईट होती. मलाच ती लिहिताना कळत होतं की शेवट ओढूनताणून जुळवलाय. ती वाचून दाखवली, तर तेच लोक, तोच चेहरा, "छान!"

त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी विझलं. चांगल्या कथेला आणि वाईट कथेला एकच शब्द मिळत असेल, तर मी रात्री जागून खाडाखोड करायची कुणासाठी? मी कुणाची निंदा करत नाही. ती माणसं मायाळू होती, अजूनही बाजारात भेटली की विचारतात, "काय, लिहितेस का नाही?" त्यांना जे येत नव्हतं ते माझ्यासाठी नेमकं गरजेचं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, "हे पान फाड. इथून पुढं खोटं सुरू होतं."

तुमच्या नायिकेचं गावानं भरपूर कौतुक करू द्या. शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीची आरास, सगळीकडं तिचंच चित्र. वाचकाला पहिल्यांदा आनंद होईल. मग हळूहळू त्याचा जीव गुदमरला पाहिजे.

---

येरळाकाठ

अजिंक्यतारा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा मोठ्यानं वाचला. दुसऱ्यांदा आवाज नीट निघाला नाही. पाचवी कथा अजून जपून ठेवलीय का?

---

अजिंक्यतारा_पायथा

आहे. ट्रंकेत.

---

गणपती_पेठ

मी सांगलीचा, आयुष्य छापखान्यात गेलं. थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

लहान गाव म्हणजे एकाकीपण, हे समीकरण मला अपुरं वाटतं. नकाशावर आडबाजूला असणं आणि एकटं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वि. स. खांडेकर जन्मानं सांगलीचे. १९२० साली ते कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथंच राहिले. म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं. त्या काळचं शिरोडं म्हणजे केवढं आडगाव! पण कादंबरीकार खांडेकर घडले ते तिथंच. का जमलं? एक तर शिरोड्याला जाण्याआधी ते पुण्यात शिकायला होते आणि तिथं नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा सहवास त्यांना मिळाला होता. चांगलं म्हणजे काय याचा अंदाज घेऊनच ते गावात शिरले. दुसरं, लिहिलेलं पाठवायला मासिकं होती आणि पलीकडून उत्तरं येत होती.

दुसरं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. माणूस धारवाडात, सभा-संमेलनांपासून चार हात लांब. सगळे त्यांना एकांतवासी म्हणतात. पण आपल्या विलिंग्डन कॉलेजातल्या म. द. हातकणंगलेकर सरांशी त्यांचा केवढा पत्रव्यवहार होता. धारवाडातल्या खोलीतला माणूस एकटा नव्हता, त्याचं लिखाण नीट वाचणारा एक माणूस सांगलीत बसला होता. (हेच सर २००८ च्या सांगलीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मला त्यांचं बोलणं ऐकायला मिळालं, हे मी भाग्य समजतो.)

आणि किर्लोस्करवाडी! तुमच्या नायिकेच्या गावापासून काही फार लांब नाही. १९१० साली माळरानावर कारखान्याची वसाहत उभी राहिली. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. अख्ख्या महाराष्ट्राचे लेखक आपलं लिखाण एका माळावरच्या वाडीला पाठवत होते. त्या काळात वाडीच्या आसपास राहणाऱ्या, लिहिणाऱ्या किंवा चित्रं काढणाऱ्या मुलाला एकटं कसं म्हणायचं?

पुढं ही मासिकं पुण्याला गेली. माझ्या मते गाव एकटं पडतं ते अशा वेळी. अंतर तेवढंच राहतं, पण उत्तर येणं थांबतं. तुमची कथा १९९४ ची आहे. तोवर पत्राची सवय सुटत चालली होती आणि दुसरं काही अजून आलं नव्हतं. काळ तुम्ही नेमका पकडलाय, तो बदलू नका.

---

तार_जवारी

मिरजेहून. आमच्या घरात तंतुवाद्यांचं काम चालतं, सतार आणि तंबोरे.

गणपती पेठ यांच्या म्हणण्याला आमच्या गल्लीतून पुस्ती जोडतो. मिरज काही मोठं शहर नाही. पण कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर, लहानपणी फटाक्यानं डोळे गेले, ते मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. दरवर्षी उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली गाणं होतं. तिथं मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात आणि समोर बसलेला आमच्या गल्लीतला कारागीर डोळे मिटून ऐकतो.

आता कामाचं सांगतो. जवारी काढणं म्हणजे घोडीचा, तारा टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग कानसेनं असा घासायचा की तार तिला चाटून जाताना आवाजाला झालर येते. हे वहीत लिहून शिकवता येत नाही. मी चौदा वर्षांचा असताना जवारी काढायला बसलो, चुलते शेजारी बसायचे. मी घासायचो, तार छेडायचो. ते फक्त "नाही" म्हणायचे. पुन्हा घासायचो. "नाही." कधीकधी आठवडाभर एकच शब्द. एक दिवस काही बोललेच नाहीत, चहा सांगितला. त्यावरून मी समजलो.

ताई, तुमच्या मुलीच्या गावात "नाही" म्हणायला कुणी नाही. साताऱ्याच्या ताईंनी तेच लिहिलंय. आमच्या गल्लीत कुणी ना कुणी होतं. गाव दोन्ही लहानच.

---

खडूफळा

मी जत तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक. हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

येरळाकाठ यांनी बाप बदलला, ते ठीक केलं. आता त्यांनी चित्रकलेच्या शिक्षकाकडं बघावं. तो मी असू शकतो.

एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून मी १९८० च्या दशकात नोकरीला लागलो. आठवड्याला वर्गाला दोन तास, त्यातला एक गणिताचे सर मागून घ्यायचे. पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसवायचं, हे मुख्य काम. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. मी चांगला निकाल लावायचो. स्मरणचित्राला ठरलेल्या आकृत्या होत्या माझ्या: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पतंग उडवणारा मुलगा, बैलगाडी, फुगेवाला. त्या घोटून घ्यायच्या आणि विषय कुठलाही आला तरी बसवायच्या. पोरं अ श्रेणीत यायची.

एक मुलगी होती. तिला मी पाटीवाली बाई काढायला शिकवली. एक दिवस तिनं वेगळीच बाई काढून आणली. कळशी खाली ठेवून बसलेली, दोन्ही पाय पसरलेले, तळवे आपल्याकडं. तळवे मोठे आणि तोंड लहान, कारण तळवे जवळ होते. जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढायचं, हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिनं ते टँकरच्या रांगेत बसून डोळ्यांनी टिपलं होतं. मी बघितलं आणि म्हणालो, "परीक्षेत असं काढू नको. पाय बिघडल्यासारखे दिसतात."

तिनं परत तसं काढलं नाही. अ श्रेणी मिळाली.

मी वाईट माणूस नव्हतो. मला ते चित्र समजलं होतं, हे जास्त वाईट आहे. क्षणभर समजलं होतं. पण मी स्वतः एटीडीनंतर एकही चित्र काढलं नव्हतं, फळ्यावरच्या आकृत्या सोडून. माझ्या चित्राला "नाही" म्हणायलाही जतमध्ये कुणी नव्हतं. दहा वर्षांत माझाच डोळा गेला होता. एकटी फक्त मुलगी नसते. तिला शिकवणारा तिच्याआधी एकटा पडलेला असतो, आणि तेच तो तिला देतो.

एवढं लिहायचं होतं.

---

माणगंगा

सर, टँकरची रांग आणि ते तळवे. मी या रांगेत उभा राहिलोय. आता मला कळलं या ताई काय शोधतायत. माझा पहिला प्रतिसाद मी मागं घेत नाही, पण आता इथं वाद घालणार नाही.

---

येरळाकाठ

सर, तुमच्यासमोर काय लिहावं कळत नाही. तुमची परवानगी असेल तरच हे मी माझ्या कादंबरीत घेईन, आणि टँकर, पाय, सगळं बदलून घेईन. ती मुलगी तुमची आहे.

---

खडूफळा

घ्या. तळवे बदलू नका, बाकी बदला.

---

कमकु_५१

मी कवठेमहांकाळचा, १९ वर्षं. मोबाइलवर आणि कागदावर, दोन्हीकडं चित्रं काढतो. इथं सगळे मोठे आहात, चुकलं तर माफ करा.

आता सगळं फोनवर दिसतं, म्हणून आमच्या पिढीला हा प्रश्न नाही असं घरचे म्हणतात. खरं सांगू का, मला जगातली चांगली चित्रं रोज दिसतात. पण सगळी पूर्ण झालेली दिसतात. मधलं दिसत नाही. शिकवणारे व्हिडिओ बघतो, तर त्यात एका तासाचं काम एका मिनिटात पळवलेलं असतं. कुठं चुकलं, कुठं खोडलं, ते कापून टाकलेलं असतं.

आणि दुसरं म्हणजे सगळे माझ्या खूप पुढं आहेत. माझ्याएवढं येणारं, किंवा माझ्यापेक्षा थोडंसंच जास्त येणारं कुणी मला माहीत नाही. कोल्हापूरला एक आर्ट कॉलेज बघायला गेलो होतो. बाहेर कट्ट्यावर चार पोरं बसून एकमेकांची स्केचबुकं बघत होती, शिव्या देत होती एकमेकांच्या चित्रांना. मला त्या कॉलेजपेक्षा तो कट्टा पाहिजे होता. फी परवडली नाही, मी बीकॉमला आहे.

येरळाकाठ ताईंच्या मुलीला मोठा गुरू नको. तिच्यासारखी एक मुलगी द्या. मग बघा ती अडते का.

---

दुसरी_घंटा

कमकु, तू नेमकं बोललास. मी सांगलीत हौशी नाटक करते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आम्ही नाट्यपंढरीचे. पण नाटकवाल्यांना एक सोय आहे जी चित्रकाराला नाही: नाटक एकट्यानं करताच येत नाही. स्पर्धेच्या तालमीला महिनाभर आठ-दहा जण रोज एकमेकांच्या चुका बघतात. तालमीनंतर विश्रामबागेत चहाच्या गाडीवर रात्री साडेबारापर्यंत भांडण. मी जे काही शिकले ते त्या गाडीवर.

एक मात्र जोडते. त्या गाडीवर साडेबारापर्यंत मी थांबू शकले, कारण माझं घर पाच मिनिटांवर होतं आणि भाऊ नाटकात होता. माझ्याबरोबरची एक मुलगी बुधगावची. शेवटची गाडी पकडायला ती रोज तालीम अर्ध्यावर सोडून जायची. तिला भूमिका मिळायची ती पहिल्या अंकात मरणाऱ्या किंवा निघून जाणाऱ्या बाईची. येरळाकाठ, तुमच्या मुलीच्या गावाची शेवटची एसटी किती वाजता आहे, हे कादंबरीत येऊ द्या.

---

येरळाकाठ

साडेसहा. मी लिहून ठेवलंय, वापरलं नव्हतं.

मंडळी, पंधरा दिवस मी इथं काही लिहिलं नाही, कारण सातवं प्रकरण पुन्हा लिहीत होते. कुठवर आलंय ते सांगते.

शाळेची सहल औंधला जाते. यमाईचं दर्शन हा मुख्य कार्यक्रम, आणि वेळ उरला म्हणून टेकडीवरचं भवानी संग्रहालय. औंधचे राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३८ साली उभारलेलं. राजा स्वतः चित्रकार होता हे सर मुलांना एका वाक्यात सांगतात आणि रांग पुढं ढकलतात. पोरगी रवी वर्म्याच्या चित्रासमोर येते. ही बाई तिला पाठ आहे, अशीच बाई तिनं कॅलेंडरावरून काढलीय. पण इथं पदराच्या काठावर रंग उंच आलाय. बाजूनं उजेड पडल्यावर तिला ब्रशची वाट दिसते. कुणीतरी इथं हात टेकवला होता, इथं थांबला होता, इथून पुन्हा गेला होता. ज्याला ती आपली चूक समजून वर्षभर पुसत होती, तेच इथं सोन्याच्या जरीसारखं उभं आहे. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या आई-मुलाच्या शिल्पापुढं मुलं हसतात. ती हसत नाही, पण का हसत नाही हे तिला सांगता येत नाही. शिटी वाजते. गाडी सुटायला आलीय.

पहिल्या विचारात मी लिहिणार होते की हे बघून ती पेटून उठते आणि घरी जाऊन झपाटल्यासारखी चित्रं काढते. आता तसं होत नाही. परत येताना गाडीत सगळे भेंड्या खेळतात. तिला शेजारणीला सांगायचंय, पण "रंग जाड होता" यापलीकडं शब्द नाहीत. शेजारीण म्हणते, "मग?" घरी बाप विचारतो, "कसं होतं गं?" ती म्हणते, "छान." पुढचे चार महिने ती ब्रशला हात लावत नाही. बाप कागद आणत राहतो. कोपऱ्यात गुंडाळ्या साठत जातात.

इथं ती अडते. सगळ्यांमुळं मला ही जागा सापडली. माझ्याकडं शेवटी तिला मुंबईहून जे. जे. कलाशाळेचं पत्र येतं आणि घरचे ते लपवतात असं एक प्रकरण होतं. ते काल फाडलं.

---

गणपती_पेठ

फाडलंत ते उत्तम. त्या पत्रानं पुन्हा दोष घरच्यांवर गेला असता. गुंडाळ्या राहू द्या. गोष्ट २०१९ पर्यंत आणणार असाल तर त्या पुरात भिजलेल्या दाखवू नका, हा मोह होईल. आमच्याकडं त्या ऑगस्टमध्ये वाचनालयातली पुस्तकं पाण्यात गेली. मी चिखलातून उचलली आहेत. पुराच्या दुःखाला त्याची स्वतःची जागा द्यावी, दुसऱ्या गोष्टीचा शेवट म्हणून वापरू नये.

---

अजिंक्यतारा_पायथा

"कसं होतं गं?" "छान." हा शब्द तुम्ही तिच्याच तोंडी घातलात. माझ्या अंगावर काटा आला.

मी ट्रंक उघडली काल. पाचव्या कथेची शेवटची दोन पानं खरंच फाडायला हवीत. आधीची सात चांगली आहेत. येरळाकाठ, तुमच्या त्या तोंडदेखलं न बोलणाऱ्या मैत्रिणीला द्याल वाचायला?

---

येरळाकाठ

देते. ती कडक आहे, आधीच सांगते.

---

खडूफळा

प्रकरण चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या. तुमच्या गावाहून औंधची सहल विट्यावरून कडेगाव, पुसेसावळी करत जाईल, तसा रस्ता दाखवा. आणि पापुद्रे निघतात ते कागद हलका असल्यामुळंसुद्धा. बाप सांगलीहून कुठला कागद आणतो? त्याला दुकानदार जो देईल तो. चांगला जाड कागद असतो हे बापालाही माहीत नाही आणि पोरीलाही. हे एका ओळीत येऊ द्या.

कमकु, तुझ्यासाठी. मी येत्या रविवारी औंधला जातोय. पंचवीस वर्षं पोरांच्या रांगा पुढं ढकलत ते संग्रहालय पाहिलं, एकदा थांबून बघायचं राहिलंय. तू येणार असशील तर ये. मी मोठा चित्रकार नाही, तुझा गुरू होण्याची माझी पात्रता नाही. पण या महिन्यात मी पुन्हा काढायला बसलोय. माझी आठ चित्रं घेऊन येतो, तुझी तू आण. टेकडीवर सावलीला बसून एकमेकांची बघू.

---

कमकु_५१

सर येतो! मिरजेवरून सकाळची गाडी बघतो. चित्रं खूप आहेत, चांगली निवडून आणू का?

---

खडूफळा

निवडू नकोस. बिघडलेली आधी आण.

---

तार_जवारी

कमकु, मिरजेत उतरलास की फोन कर, नंबर निरोपात पाठवतो. मला रविवारी पुसेसावळीला एक तंबोरा पोचवायचाय. गाडीत जागा आहे. मांडीवर तंबोरा धरावा लागेल, भोपळ्याला धक्का लागता कामा नये.